माशांचे अभ्यंगस्नान

१९५७ सालच्या नरकचतुर्दशीला मी चार मासे मारले. जाळे टाकून नव्हे, गळ लावूनही नव्हे, केवळ भूतदयेने.

ठाण्याला मासुंदा तळ्यापासून हाकेच्या अंतरावर तेव्हा आमचे बिऱ्हाड होते. दोन खोल्या, मागे पडवी आणि पडवीत तांब्याचा बंब. मी नऊ वर्षांचा होतो. पहाटे उटणे लागले, कढत पाणी अंगावर पडले, कारीट फुटले, आणि 'आज सूर्योदयापूर्वी जो न्हात नाही तो नरकात जातो' हे आजीने दरवर्षीप्रमाणे बजावले. घरातील सर्वांची स्नाने झाली. राहिले कोण, तर बाहेरच्या खोलीत खिडकीशी ठेवलेल्या काचेच्या पेटीतील मासे! त्यांच्या परलोकाची काळजी कोणालाच नव्हती. मी बंबाच्या तोटीतून तांब्याभर पाणी काढले आणि पेटीत ओतले. पुरेसे वाटले नाही म्हणून आणखी एक ओतला. फराळाची ताटे मांडली जाईपर्यंत सहा गप्पींपैकी चार पोटे वर करून तरंगत होते.

पेटी काकांची. ते रेल्वेत कारकून होते आणि महिन्यातून एकदा क्रॉफर्ड मार्केटातून काहीतरी जिवंत घेऊन येत. मला वाटले, आता पाठीत धपाटा बसणार. पण काकांनी मेलेले मासे वाटीत काढले, पेटीत हात घालून पाहिला आणि म्हणाले, "बाळ, आपण अंगावर ऊन पाणी घेतो, पण आपले रक्त आहे तितकेच ऊन राहते. माशाचे तसे नाही. पाणी तापले की मासाच तापतो." मग त्यांनी मला आणखी एक गोष्ट दाखवली. पेटीतील दोन सोनमासे जिवंत होते. ऊन पाणी हलके. ते वरच राहते. गप्पी वरच्या थरात वावरतात म्हणून ते सापडले; सोनमासे तळाशी जाऊन बसले म्हणून वाचले. शिवाय पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. वीस अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात तो सुमारे नऊ मिलिग्रॅम मावतो, तीस अंशांना जेमतेम साडेसात. म्हणजे मासा तापून धापा टाकू लागतो, आणि नेमकी तेव्हाच हवा विरळ झालेली असते.

त्या चार गप्पींचे ऋण माझ्यावर आहे. ते थोडेफार फिटावे म्हणून हा लेख.

आमचे घर मासे खाणारे. त्यामुळे काकांच्या छंदाकडे आजी वेगळ्याच नजरेने पाही. "इतकी वर्षे पोसतोस, हे कालवणात पडण्याइतके कधी व्हायचे?" असे ती विचारी. काकांची महत्त्वाकांक्षा निराळी होती. त्यांना सोनमाशाची पिल्ले हवी होती. विकत आणलेली नव्हेत, आपल्या घरी जन्मलेली. गप्पींना पिल्ले होत आणि ती न मागता होत. सोनमासे मात्र ढिम्म. दिवाळीच्या त्या प्रसंगानंतर काकांनी एक उष्णतामापक आणून पेटीत टांगला आणि माशांना थंडी वाजू नये म्हणून हिवाळ्याच्या रात्री झाकणाखाली चाळीस वॅटचा दिवा लावून ठेवू लागले. खायला रवा, पावाचा चुरा, कधी बिस्किट. पाच वर्षे असे लाड चालले. सोनमासे लठ्ठ झाले. अंडे एक नाही.

यात कोठे चुकत होते हे कळायला मला पुढे पुष्कळ वाचावे लागले. वाचता वाचता असे दिसले की माणसाने मासे पाळण्याचा सारा इतिहास म्हणजे हीच चूक करणे व सुधारणे होय.

माशांच्या खाण्याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याची राजधानी कल्याणी. पण ही आपली बोटीबंदराची आणि लोकलगाडीची कल्याण नव्हे, तर कर्नाटकातील बिदरकडचे आजचे बसवकल्याण. या ग्रंथात राजाने करावयाच्या करमणुकींत मत्स्यविनोदाचे एक प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांची राहण्याची ठिकाणे आणि कोणत्या माशाला कोणत्या धान्याचे, पेंडीचे अथवा मांसाचे गोळे घालून लळा लावावा हे त्यात सांगितले आहे. मात्र राजाचे लक्ष गळाकडे होते. माशाने खावे ते पकडले जाण्यासाठी. त्याने अंडी घालावीत हा विचार त्यात नाही. या प्रकरणाकडे आधुनिक अभ्यासकांचे लक्ष वेधले ते सुंदरलाल होरा या प्राणिशास्त्रज्ञांनी, १९५१ साली. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. ते पुन्हा येणार आहे.

माशाच्या प्रजेचा विचार चिनी लोकांनी केला. तेथील तळ्यांतल्या करड्या-हिरव्या माशांत क्वचित एखादा तांबूस निपजे. सुंग राजवटीत, म्हणजे सन ९६० ते १२७९ या काळात, असे मासे निवडून वेगळ्या तळ्यांत ठेवू लागले आणि त्यातून सोनमासा घडला. पुढे तो तळ्यातून मातीच्या कुंडात आला आणि घरातला झाला. १५९६ साली झांग छ्येंद या लेखकाने केवळ या लाल माशांवर एक पुस्तिका लिहिली आणि पाणी बदलण्यापासून खाण्यापर्यंत सर्व गोष्टींचा तीत विचार केला. या लोकांनी दिवे लावले नाहीत. त्यांची कुंडे अंगणात असत. हिवाळा आला की पाणी गार होई, मासे मंद होत. वसंतात ऊन चढले की पाणी कोमट होई आणि पहाटेच्या सुमारास माद्या पाणवनस्पतींवर अंडी सोडीत. हिवाळा हा सोनमाशाच्या विणीचा अर्धा भाग आहे. काकांनी पाच वर्षे त्या बिचाऱ्यांचा हिवाळाच चोरला होता!

ही गोष्ट थोडी उलगडून सांगितली पाहिजे. माशाच्या मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची मोहरीएवढीही नसलेली ग्रंथी असते. पाण्याची ऊब, दिवसाची लांबी, पावसाचे नवे पाणी अशा खुणा मेंदूला कळतात. मेंदू या ग्रंथीला सांगतो आणि ग्रंथी रक्तावाटे अंडाशयाला. पण हुकूम सुटला तरी कोठारात धान्य हवे. अंड्यातील बलक मादीच्या यकृतात तयार होतो, आणि तो ती खात असलेल्या प्रथिनांतून व स्निग्धांशातून होतो. बाहेरचे खाणे लागण्यापूर्वी पिल्लाला काही दिवस या शिदोरीवर काढायचे असतात. थोडक्यात, ऊब वेळ सांगते आणि आहार शिदोरी बांधतो. रवा आणि पाव खाऊन मासा लठ्ठ होतो. शिदोरी बांधली जात नाही.

आणि प्रत्येक जातीची ऊब वेगळी. सोनमासा थंड मुलखातला. त्याला ऋतुपालट हवा. उलट सयामचा फायटर मासा सत्तावीस-अठ्ठावीस अंशांना खुलतो. नर पृष्ठभागावर बुडबुड्यांचे घरटे बांधतो आणि त्यातील अंडी दीड दिवसात फुटतात. दक्षिण अमेरिकेतील एंजल मासाही याच उबेत पानावर अंडी चिकटवतो व दोन-अडीच दिवसांत पिल्ले बाहेर येतात. म्हणून पॅरिसमध्ये प्येर कार्बोनिए याने १८६९ साली चीनकडून आलेले 'पॅराडाइज' मासे वाढवले तेव्हापासून युरोपातील हौशी लोकांना पाणी तापवण्याची विद्या शिकावी लागली. तळाला धातूचा पत्रा आणि त्याखाली गॅसची किंवा तेलाची बत्ती, अशा पेट्या तेथे बरीच वर्षे चालल्या. आमच्या ठाण्याला निसर्गानेच ती बत्ती फुकट लावली आहे! मे महिन्यात काकांच्या पेटीतील पारा तिशीच्या वर जाई. तेव्हा आपल्याकडच्या माणसाने ऊब विकत आणण्यापेक्षा गारवा जपावा, हे शहाणपण होते. पण पुस्तके विलायतेची आणि हवा ठाण्याची, असा घोळ झाला.

गप्पींची कहाणी आपल्या शहरांशी अधिक जवळची आहे. त्रिनिदादच्या रॉबर्ट लेकमियर गप्पी या गृहस्थांनी १८६६ साली हे मासे लंडनच्या संग्रहालयात पाठवले आणि त्यांचे आडनाव माशाला चिकटले. वास्तविक पीटर्स नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८५९ मध्येच त्याचे वर्णन केले होते. पण 'गप्पी' हेच नाव राहिले आणि मराठीला तर ते जणू आपलेच वाटते. १९१० च्या सुमारास हा मासा भारतात आला तो शोभेसाठी नव्हे, डासांच्या अळ्या खाण्यासाठी. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली हिवतापाचा संबंध डासांशी जोडला होता, आणि १९११ च्या अहवालात डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापाचे मूळ घरोघरच्या विहिरींतील डासांत दाखवून दिले होते. आजही नगरपालिकांची माणसे पावसाळ्यात हौदांत आणि डबक्यांत गप्पी सोडतात.

गप्पीची मादी अंडी घालीत नाही, जिवंत पिल्ले टाकते. पंचवीस-सव्वीस अंशांना सुमारे चार आठवड्यांत ती विते. पाणी गार असेल तर अधिक दिवस लागतात. तिला कमी खायला मिळाले तर पिल्ले कमी होतात. नराच्या अंगावरील नारिंगी ठिपक्यांचा रंगही खाण्यातून येतो. शेवाळ आणि पाण्यातील बारीक जीव यांतील रंगद्रव्ये तो अंगात साठवतो, आणि मादी सहसा अधिक नारिंगी नर पसंत करते. ठाण्याच्या खाडीत येणाऱ्या रोहित पक्ष्यांची गुलाबी झाकही अशाच खाण्यातून आलेली असते. तेव्हा लग्नाच्या बाजारात नवऱ्या मुलाचे तेज हे आईने घातलेल्या जेवणावर अवलंबून असते, ही आजीची समजूत निदान गप्पींच्या बाबतीत तरी खरी ठरली आहे.

आता आपल्या मुंबई-ठाण्याच्या पाण्याकडे येतो. १९४० साली डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी मुंबई प्रांतातील खाड्यांत राहणाऱ्या एका नव्या माशाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. मासा जेमतेम इंचभर लांब आणि काचेसारखा पारदर्शक. त्याला त्यांनी 'होराइक्थिस सेटनाय' असे नाव दिले. पहिल्या शब्दात मघाचे सुंदरलाल होरा आहेत आणि दुसऱ्यात मुंबई सरकारच्या मत्स्यखात्याचे डॉ. एस. बी. सेटना. या माशाच्या नराचा खालचा पर बदलून एक नाजूक अवयव झाला आहे. त्याने तो शुक्राची बारीक कुपी मादीच्या शरीराला अडकवतो, आणि कुपीला चक्क काटे असतात. मादी मग फलित अंडी घालते. अंड्यांना तंतू असतात व ते वनस्पतींना धरून राहतात. खाडीकाठी उभे राहून आपण फक्त चिखल पाहतो. त्या गढूळ पाण्यात एवढा कारभार चालू असतो.

याच कुलकर्णींनी १९५३ साली मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात एक लहानशी नोंद केली. वडाळ्याच्या मिठागरांत त्यांना आर्टेमिया सापडली होती. आर्टेमिया म्हणजे खाऱ्या पाण्यातील कोळंबीच्या दूरच्या नात्यातला एक बारीक जीव. तिची अंडी वाळून तपकिरी धुळीसारखी होतात, कित्येक महिने तशीच टिकतात, आणि कोमट खाऱ्या पाण्यात टाकली की दिवसभरात त्यांतून अर्ध्या मिलिमीटरची पिल्ले वळवळू लागतात. माशाच्या नवजात पिल्लाच्या तोंडाला हा घास नेमका बसतो. अमेरिकेत ॲल्विन सील यांनी १९३३ साली हे खाद्य पुढे आणले आणि पुढे आपल्याकडील मत्स्यपालकही ही अंडी परदेशातून डबाबंद मागवू लागले. आपल्या दाराशी, मिठाच्या आगरात, तोच जीव आधीपासून होता! १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालय उघडले, आणि आमच्या पिढीने काचेमागचा मासा पहिल्यांदा पाहिला तो तेथे. पण काचेमागच्या त्या माशाचे पोट मिठागरापर्यंत पोचते, हे तेव्हा कितीजणांच्या ध्यानात आले असेल?

योगायोग असा की ज्या वर्षी मी माशांना अभ्यंगस्नान घातले, त्याच वर्षी, १० जुलै १९५७ रोजी, ओरिसातील अंगुळ येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी एक मोठा प्रयोग यशस्वी केला. आपल्या नद्यांतील मोठे कार्प मासे तळ्यात अंडी घालीत नसत. त्यांना पुराचे वाहते पाणी हवे असे. चौधुरींनी दुसऱ्या माशाच्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क सुईने टोचला आणि मासे बंदिस्त पाण्यात व्याले. अशा प्रयत्नांची वाट १९३० च्या दशकात अर्जेंटिनात व ब्राझिलात निघाली होती; आपल्याकडे ती येथे फळाला आली. जो ऋतू घरात आणता येत नाही, त्याचा निरोप सुईने पोचवता येतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले. १० जुलै हा आता मत्स्यपालक दिन म्हणून पाळतात. शोभेच्या माशांनाही या विद्येचा आधार मिळाला. केरळ-कर्नाटकातील ओढ्यांत राहणारा, लाल-काळ्या पट्ट्यांचा 'मिस केरळ' मासा परदेशी बाजारासाठी इतका उपसला गेला की त्याचे अस्तित्वच धोक्यात आले. अशी जात सुईच्या मदतीने बंदिस्त पाण्यात वाढवता येऊ लागली, हे लहानसहान काम नव्हे. घरात जन्मलेला प्रत्येक मासा हा ओढ्यातून न उपसलेला एक मासा असतो.

पण आमच्या सोनमाशांना सुई लागली नाही. १९६२ च्या दिवाळीत काका क्रॉफर्ड मार्केटात गेले असता तेथील एका म्हाताऱ्या दुकानदाराने त्यांना विचारले, "साहेब, रात्री दिवा कशाला लावता? याला थंडी पाहिजे." काका घरी आले आणि त्यांनी दिवा काढून टाकला. पेटी पडवीत हलवली. रवा-पाव बंद झाला. रोज सकाळी आम्ही दोघे फडक्याची जाळी घेऊन मासुंद्याच्या कडेच्या डबक्यांतून पाणपिसवा आणि डासांच्या अळ्या गोळा करू लागलो. आई म्हणे, "भाऊजी, लोक तळ्यावरून फुले आणतात, तुम्ही अळ्या आणता!" जानेवारीच्या पहाटे पारा वीस-एकवीसवर उतरला. मासे मंदावले. फेब्रुवारीत तो तेवीस-चोवीसकडे सरकला. नराच्या गालफडांवर मोहरीसारखे पांढरे ठिपके उमटले. मादीचे पोट एका बाजूला जड दिसू लागले. काकांनी एक दिवस निम्मे पाणी बदलले आणि शेवाळाचे झुबके सोडले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला हलवून उठवले. नर मादीला ढुसण्या देत पेटीभर पळवत होता आणि झुबक्यांवर साबुदाण्याहून बारीक, पारदर्शक दाणे चिकटत होते.

आईबाप आपलीच अंडी खातात, म्हणून काकांनी झुबके आजीच्या पितळी परातीत काढले. परात सांडगे घालायची होती. त्यावरून घरात दोन दिवस अबोला झाला. पाचव्या दिवशी परातीच्या कडेला डोळे फुटलेल्या सुया लटकू लागल्या. प्रथम वाळल्या गवताच्या पाण्यातले सूक्ष्म जीव आणि उकडलेल्या अंड्याचा बलक, चिमटीतल्या चिमटीएवढा. मग काका एका रविवारी मला वडाळ्याला घेऊन गेले. मिठागरातील कामकऱ्याने मोठ्या कौतुकाने आम्हांला कडेचे पाणी दाखवले; आम्ही ते बाटलीत भरून आणले आणि त्यातले वळवळणारे तांबूस जीव पिल्लांना घातले. शेकडो अंड्यांतून शेवटी अकरा मासे वाढले. आजीने परात घासून परत घेतली. मात्र पाहुणे आले की तीच सांगे, "हे आमच्या घरचे."

काका जाऊन पुष्कळ वर्षे झाली. आता ठाण्यात आमची सदनिका सातव्या मजल्यावर आहे. उष्णतामापक मात्र काकांचाच आहे आणि वहीही. पेटीला आता आपोआप चालू-बंद होणारे तापक यंत्र मिळते. खाणे डब्यातून गोळ्यांच्या रूपात येते आणि त्यात प्रथिने किती ते डब्यावर छापलेले असते. सोय झाली यात शंका नाही. पण वाडे गेले तसे त्यांचे हौद गेले, मुंबई-ठाण्यातील पुष्कळ तळी बुजली, मिठागरांतील आगरे ओस पडत चालली. ठाण्याची खाडी २०१५ साली रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये तिला रामसर यादीत स्थान मिळाले, ही मला समाधानाची गोष्ट वाटते. खाडीचे रक्षण झाले तर रोहितांबरोबर तो काचेसारखा इंचभर मासाही जगेल. त्याच्यासाठी मात्र कोणी दुर्बीण घेऊन येत नाही.

गेल्या दिवाळीत माझी नात पहाटे न्हाऊन आली आणि तिने पेटीपुढे उभे राहून विचारले, "आजोबा, यांची आंघोळ?" मी तिच्या हाती उष्णतामापक दिला. तिने तो पाण्यात धरला, दम धरून थांबली आणि 'सव्वीस' म्हणाली. मी तारीख घालून वहीत लिहिले. मग तिला सांगितले की थंडी येऊ दे, पाणी आपोआप गार होऊ दे, तोवर यांना पोटभर चांगले खाऊ घाल. वसंतात पाहू काय होते ते.

वाचकांच्या घरी काचेची पेटी असेल, तर या दिवाळीत त्यांनीही तेवढेच करावे. आणि बंबाजवळ एखादे दयाळू मूल तांब्या घेऊन उभे दिसले, तर त्याच्यावर जरा लक्ष ठेवावे.